अठरावा टेक

पाऊण तास झाला तरी शैलजा खारगेला घाबरायला जमत नव्हतं.

घाबरण्यात काय जमायचंय, असं तुम्ही म्हणाल. पण काचेच्या खोलीत, तोंडासमोर माइक आणि हातात कागद घेऊन, सकाळी साडेदहाला, पोटात दोन इडल्या असताना घाबरून बघा म्हणजे कळेल. तीस वर्षं तिनं हेच केलं होतं. दुसऱ्याच्या ओठांवर आपला आवाज बसवायचा. मालिकांतल्या सासवा, कार्टूनमधल्या खारी, परदेशी सिनेमातल्या राण्या आणि खुनी बायका, सगळ्यांसाठी ती बोलली होती. पुढं यंत्रंच डबिंग करायला लागली. एका बटणावर अख्खा सिनेमा मराठीत, तोही नटाच्या स्वतःच्या आवाजात. शैलजासारख्यांना मग कोण विचारतंय? अठ्ठावन्नाव्या वर्षी ती घरी मुलांना उच्चार शिकवत बसली होती, तेव्हा हा जपानी सिनेमा आला. त्याच्या दिग्दर्शकानं हट्ट धरला की आईचं काम माणसानंच बोललं पाहिजे. यंत्राला भीती वाटत नाही आणि ज्याला भीती वाटत नाही त्याचा श्वास खोटा लागतो, असं त्याचं म्हणणं.

"छान होतंय शैलाताई, पण तुम्ही रागावल्यासारख्या वाटताय," तौफिक मुजावर काचेपलीकडून म्हणाला. तो ध्वनिमुद्रण करायचा. पुण्याच्या त्या स्टुडिओत तिला ताई म्हणणारा एवढाच एक जुना माणूस उरला होता.

"रागावलेलीच आहे. भूत नाही, रक्त नाही, काही नाही. बाई कपाटाशी बोलतेय. त्यात घाबरू कशाला?"

तिचं चुकत नव्हतं. सिनेमा एका जुन्या व्हिडिओ गेमवरून काढलेला होता आणि तो गेम पोरखेळाइतकाच साधा होता. आई आणि तिची मुलगी घरात लपाछपी खेळतायत. मुलगी सापडत नाही. आई एकेका खोलीत जाते, कपाटाशी उभी राहते आणि विचारते, 'येऊ का?' आतून उत्तर येतं. तो आवाज आपल्याच मुलीचा आहे अशी खात्री पटली, तरच दार उघडायचं. परक्या आवाजाला दार उघडलं तर आत कोणी नसतं, आणि खेळ पुन्हा पहिल्या खोलीपासून सुरू होतो. बस, एवढंच. मराठीत सिनेमाचं नाव 'कोण बोललं' असं ठरलं होतं.

खरी मेख होती पट्टीत. थिएटरात बसलं की कपाळाला एक मऊ पट्टी लावायची. ओळखीचं काही कानावर पडलं, की सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्शात आपल्या मेंदूतल्या विजेच्या लहरींमध्ये एक लहानसा उंचवटा येतो. ओळख पटल्याची ती खूण. तोंडानं 'मी नाही ओळखत' म्हटलं तरी ती लपत नाही. पट्टी तेवढा उंचवटा मोजायची. कपाटातली मुलगी पहिल्यांदा अगदी सपाट आवाजात बोलायची. पुढच्या वेळी यंत्र त्यात किंचित फरक करायचं. स्वर जरा चढा, श्वास जरा जास्त, शब्द जरा ओढलेला. उंचवटा वाढला तर तो फरक ठेवायचा, नाही वाढला तर टाकून द्यायचा. डोळे बांधलेल्या माणसाला 'जवळ आलास, लांब गेलास' सांगत न्यावं, तसं. यंत्राला तुमच्या आठवणी वाचता येत नाहीत असं कंपनीनं ठळक अक्षरांत छापलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. पण दीड तासानं कपाटातून जो आवाज यायचा, तो ज्याच्या त्याच्या आयुष्यातल्या एखाद्या लेकराचा असायचा. जपानात लोक रडत बाहेर पडत होते आणि पुन्हा रांगेत उभे राहत होते. म्हणून नियमच केला होता, एका प्रेक्षकानं दोनदाच बघायचा.

"पट्टी लावून एकदा ऐका ना," तौफिक म्हणाला. "मग सुचेल."

शैलजानं पट्टी लावली, आणि दोन खेळांनंतरही काढली नाही. तौफिकनं नियमाची आठवण करून दिली तर म्हणाली, "तो प्रेक्षकांसाठी. मी कुठं प्रेक्षक आहे? मी कामाला आलेय."

आता डबिंगची रीत अशी, की सिनेमाचे बारीक बारीक तुकडे पाडतात. त्याला लूप म्हणतात. अर्ध्या मिनिटाचा एक तुकडा, तो वाक्य ओठांवर बसेपर्यंत फिरवत राहायचा. वीसदा, तीसदा, चाळीसदा. प्रेक्षक ज्या कपाटासमोर दोनदा उभा राहणार, तिथं शैलजा एका दिवसात दोनशेदा उभी राहायची. नियम करणाऱ्याच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. शैलजाच्याही आलं नाही.

आणखी एक गोष्ट तिनं आपल्या हातानं करून ठेवली होती. मूळ सिनेमात मुलगी आतून 'अजून नाही' अशा अर्थाचं काहीतरी म्हणते. यंत्रात भरायच्या भाषांतरातही तसंच होतं. लपलेलं पोर असं बातम्या वाचल्यासारखं बोलेल का, म्हणून शैलजानं पेन काढलं, 'अजून नाही' खोडलं आणि वर लिहिलं, 'थांब की.' लिहून झाल्यावर ती कागदाकडे बघतच राहिली. हे कुमीचं होतं.

कुमी म्हणजे कुमुद, तिची धाकटी बहीण. इचलकरंजीच्या दोन खोल्यांच्या घरात दोघी लपाछपी खेळायच्या. शैलजानं 'येऊ का?' म्हटलं की वाकळेखालून नाहीतर धान्याच्या पिंपामागून कुमी ओरडायची, 'थांब की.' लपलेली जागा त्यातच कळायची, पण ते तिला सहा वर्षांची होऊन मरेपर्यंत उमगलं नाही. मेंदूज्वर झाला आणि दोन दिवसांत सगळं संपलं. तेव्हा शैलजा दहा वर्षांची होती. आत्याच्या लग्नातला एक फोटो आहे, त्यात नेमकी कुमी हललेली. आवाज तर कुठंच नाही. त्या काळी गरिबाघरी पोरांचे आवाज कोण साठवून ठेवत होतं? अठ्ठेचाळीस वर्षं तो आवाज फक्त घरच्यांच्या कानांत होता. आई गेल्यावर दोघांच्या उरला, शैलजाच्या आणि तिच्या वडिलांच्या, आप्पांच्या.

तिसऱ्या दिवशी, चौथ्या खोलीच्या लूपला, कपाटातून कुमी बोलली.

शैलजानं हेडफोन काढून ठेवले. खुर्ची मागं होती ती चाचपडत शोधली आणि बसली. तौफिक धावत आत आला, पाणी हवंय का विचारायला लागला. तिनं मानेनंच नको म्हटलं. थोड्या वेळानं म्हणाली, "परत लाव." त्या दिवशी तिनं जे टेक दिले ते ऐकून तौफिकच्या अंगावर काटा आला. आवाज थरथरत होता, श्वास अडकत होता, आणि त्यात नाटक असं काही नव्हतंच.

मग काय विचारता. ती वेळेआधी यायला लागली. चहाला बाहेर पडेना. ओके झालेला लूपसुद्धा 'आणखी एकदा घेऊ' म्हणायला लागली. बारा दिवसांत कुमीचा आवाज असा स्वच्छ झाला, की घंटी वाजल्यासारखा. पातळ, गोड, शेवटी जरासा हसणारा. घरी जाताना रिक्षात शैलजा तोंडातल्या तोंडात तो घोळवायची. आवाजाची नक्कल हा तिचा धंदाच, एक-दोन दिवसांत तो तिच्या गळ्यात बसला. आता आप्पांना ऐकवायचा, एवढंच तिच्या मनात होतं.

आप्पा पंच्याऐंशीचे. इचलकरंजीतल्या एका टॉकीजमध्ये त्यांनी बत्तीस वर्षं ऑपरेटर म्हणून मशीन चालवलं. टॉकीजचं गोदाम होऊनही आता जमाना झाला. घरी ते एकटेच असायचे, स्वयंपाकाला कल्लव्वा येऊन जायची.

"मी आलो, आप्पा," शैलजानं दारातून हाक दिली. पुण्यात ती 'आले' म्हणायची, पण हा उंबरा ओलांडला की जीभ आपोआप गावची व्हायची.

आप्पा शेंगा फोडत बसले होते. तिनं सिनेमाचं सगळं सांगितलं, पट्टीचं सांगितलं. मग त्यांच्यासमोर मांडी घालून, डोळे मिटून ती त्या आवाजात बोलली, "थांब की."

आप्पांचा शेंग फोडणारा हात थांबला. तिला वाटलं, आता त्यांचे डोळे भरून येतील.

"ही कुमी न्हवं," आप्पा म्हणाले.

"अहो, नीट ऐका की." तिनं पुन्हा म्हणून दाखवलं.

"न्हवं बाई. कुमीचा आवाज घोगरा. टॉन्सिल न्हवते काय तिचे? तुझी आई म्हणायची, पोरगी हाय का बेडूक. आणि आधी जरा दम खायची ती, हसू दाबायला. मग बोलायची. इसरलीस व्हय?"

शैलजा विसरली नव्हती. बेडूक म्हणून कुमीला चिडवल्याचं, त्यावरून झालेल्या भांडणाचं, सगळं तिला आठवत होतं. घोगरा होता, हे माहीत होतं. पण ऐकायला गेली की कानात ती गोड, पातळ घंटीच वाजायची. तिनं कुमीला वाकळेखाली आठवलं, पिंपामागं आठवलं, तापात कण्हताना आठवलं. सगळीकडं तोच एक आवाज. सिनेमातला.

पहिल्या दिवशी जी भीती तिला आणता येत नव्हती, ती आता आली.

तौफिकच्या ओळखीनं ती डॉक्टर क्षितिजा पोंक्षेंकडे गेली. आठवणींवर काम करणारी, तिशी-पस्तिशीतली, मोजकं बोलणारी बाई.

"आपल्याला वाटतं आठवण म्हणजे फडताळात ठेवलेली वस्तू," डॉक्टर म्हणाली. "काढली, बघितली, परत ठेवली. तसं नसतं. आठवण काढली की ती मऊ होते, ओल्या कोब्यासारखी. काही तासांनी पुन्हा घट्ट होते. मऊ असताना तिच्यावर जे पडेल, ते उमटून घट्ट होतं. हे रोज सगळ्यांचं होतं, पण फरक इतका थोडा की कळत नाही. तुम्ही बारा दिवस बहिणीची आठवण सारखी मऊ केलीत आणि दर वेळी त्या यंत्राचा आवाज तिच्यावर उमटवलात. यंत्राला खऱ्याशी देणंघेणं नाही, त्याला उंचवटा मोठा करायचा असतो. जरा जास्त गोड केलं की उंचवटा वाढतो, म्हणून ते गोड करत जातं."

"मग जुना आवाज खाली असेल ना? खरवडला तर?"

"नाही. खाली काही नसतं."

शैलजा म्हणाली, "माझ्या वडिलांना आठवतोय. त्यांनी लगेच ओळखलं की हा नव्हे."

"मग तो आता तेवढ्याच ठिकाणी आहे. जपा. त्यांना ती पट्टी लावू देऊ नका," डॉक्टर म्हणाली. तिला दारापर्यंत सोडायला येताना आणखी म्हणाली, "आणि पट्टीच लागते असं नाही बरं का. आठवण मऊ व्हायला नुसतं आठवणंही पुरतं."

शैलजानं मान हलवली. तिनं पट्टीचं तेवढं मनावर घेतलं. माणूस आपल्याला हवं तेवढंच ऐकतो, आणि हिचा तर ऐकण्याचाच धंदा.

चारच दिवसांनी आप्पांचा फोन आला. "ती पट्टी घेऊन ये. मला बघायचाय तो सिनेमा."

"नाही आप्पा. ते सोडून काहीही मागा."

"मशीन माझ्या पोरीचा आवाज काढतंय म्हणतीस, आणि मला ऐकू देत न्हाईस?"

"तिचा नाही काढत. तिचा पुसतंय. माझा गेला पुसून. तुमचाही गेला तर ती कुठंच राहायची नाही."

पलीकडून आप्पांनी हळू आवाजात सांगितलं, जे अठ्ठेचाळीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सहाचा खेळ होता. कुमी तापानं फणफणलेली, वाकळ डोक्यावरून घेऊन पडलेली. डबा हातात घेऊन ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, येतो गं. वाकळेखालून ती म्हणाली, थांब की.

"मी थांबलो न्हाई. दुसरा ऑपरेटर न्हवता. आठ वाजता निरोप आला, तरी शेवटचं रीळ चढवूनच निघालो. थेटर भरलेलं होतं गं. घरी आलो तर संपलं होतं." त्यांनी घसा खाकरला. "एकदा ऐकायचंय मला. म्हणजे ह्या खेपेला थांबतो."

शैलजाला रडू आवरेना. आईला हे ठाऊक होतं का, हे विचारायचं होतं, तेही राहिलं. फोन ठेवल्यावर तिला युक्ती सुचली, आणि ती तिला इतकी आवडली, की आधी का नाही सुचली याचंच नवल वाटलं. आप्पांच्या कानात आवाज आहे. आपल्याकडे गळा आहे. ते सांगतील तसं करत जायचं. बरोबर आला की रेकॉर्ड करून ठेवायचा. पट्टी नको, यंत्र नको. आप्पांना ऐकायला मिळेल आणि कुमीही कायमची राहील.

रविवारी दुपारी ती रेकॉर्डर घेऊन गेली. पुढच्या खोलीत यंत्रमागांची खटखट यायची, म्हणून त्यांनी स्वयंपाकघर धरलं. कल्लव्वानं पंखा बंद केला आणि दाराला सतरंजी लावून दिली. आवाज घुमू नये म्हणून शैलजानं आईची जुन्या लुगड्यांची वाकळ डोक्यावरून घेतली. तशीही कुमी वाकळेखालूनच बोलायची. आप्पा दाराशी खुर्ची टाकून बसले, त्या दिवशी डबा घेऊन उभे होते तिथं.

पहिला टेक तिनं आपल्याजवळ होता तोच दिला, सिनेमातला.

"न्हवं. हे मागंच सांगितलं."

दुसऱ्याला तिनं आवाज जाड केला. "ही म्हातारी झाली," आप्पा म्हणाले. कल्लव्वा हसली. शैलजाही वाकळेखाली हसली. तिसरा, चौथा तसेच गेले. पाचव्याला आप्पा म्हणाले, "घाई करतीस. ती आधी दम खायची." सहावा, सातवा. "शब्द तोडू नको." आठवा.

नवव्याला ती दम धरून थांबली, आणि खरखरीत गळ्यातून, हसू दाबत, बोलली. तिला स्वतःला त्यात काहीच ओळखीचं वाटलं नाही. पण बाहेरून आवाज आला नाही, म्हणून तिनं वाकळेतून डोकं काढलं. आप्पा खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. चेहरा पांढरा पडला होता.

"परत," ते म्हणाले.

त्याच वेळी थांबायला हवं होतं. पण खात्री झाल्याशिवाय ओके द्यायचा नाही, ही तीस वर्षांची सवय. तिनं दहावा दिला, अकरावा दिला. तसा पुन्हा साधेना.

"मगाशी जवळ आली होतीस," आप्पा म्हणाले. "आता लांब गेलीस. कसा होता बघ..." त्यांनी डोळे मिटले. दर टेकला ते डोळे मिटायचे आणि कुमीला आठवायचे, आणि दर टेकला त्या आठवणीवर शैलजाचा आवाज पडायचा. बाराव्याला ते म्हणाले, "घोगरा म्हणजे लई न्हवं, जरासा." चौदाव्याला म्हणाले, "इतकाबी घोगरा न्हवता काय की." सोळाव्याला त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "गोड बोलायची गं. तापातबी गोड बोलली." शैलजाला आनंद झाला. आता जमत आलं, आता जवळ आलो, असं तिला वाटलं. गळा सैल झाला, सोपं वाटायला लागलं. तिनं अठरावा टेक दिला.

आप्पा रडत होते. अठ्ठेचाळीस वर्षांचं रडत होते. "हीच," ते म्हणाले. "हीच माझी कुमी."

"ओके?" तिनं विचारलं.

"ओके."

निघताना तिनं तो टेक एका लहान यंत्रात घालून त्यांच्या उशाशी ठेवला. बटण दाबलं की बोलायचं.

आठ दिवसांनी स्टुडिओत सिनेमाचं शेवटचं काम होतं. जेवणाच्या सुट्टीत तिनं रेकॉर्डर तौफिककडे दिला. खटखट जरा साफ करून दे म्हणाली. तौफिकनं अठराही टेक पडद्यावर एकाखाली एक मांडले आणि कपाळाला आठी घातली.

"ताई, पहिला टेक शेवटी परत चिकटवलाय का?"

"नाही. पहिला तर आप्पांनी लगेच उडवला. शेवटचा ओके आहे."

तौफिकनं पहिला आणि अठरावा एकावर एक ठेवला. लाटेवर लाट बसली. मग तिच्या एका कानात पहिला दिला, दुसऱ्या कानात अठरावा. दोन वेगळे आवाज असते तर दोन बाजूंनी आले असते. तिला डोक्याच्या मधोमध एकच मुलगी ऐकू आली.

आवाज हुबेहूब पुन्हा काढणं, याचेच तिला आयुष्यभर पैसे मिळाले होते. टेक बदलला नव्हता. आप्पा बदलले होते.

"नववा लाव," ती म्हणाली.

नववा ऐकून तौफिक चमकला. "हे कोण? हे तर खरं पोर वाटतंय." शैलजाला मात्र ती कुणाची तरी परकी, घसा बसलेली मुलगी वाटली. तिनं पट्टी मागितली. नवव्याला रेघ सपाट राहिली. अठराव्याला उंचवटा आला, चांगला ठसठशीत.

ती तशीच बसस्थानकावर गेली. वाटेत तिनं मनाशी एकच धरलं होतं. आपला मेंदू बिघडला ते बिघडला, पण आप्पा पंच्याऐंशी वर्षांचे जुने हाड. नववा ऐकल्यावर ते परत खुर्ची धरतील. मग ती अठरावा पुसून टाकणार होती.

दारात कल्लव्वा भेटली. "लई बरं केलासा बघा," ती म्हणाली. "सारखं ऐकत्यात. जेवताना ऐकत्यात, पूजा करताना ऐकत्यात. आठ दिवसांत नीट जेवायला लागल्यात."

आप्पा खरंच टवटवीत दिसत होते. शैलजा त्यांच्याजवळ बसली. "आप्पा, एक ऐकवते. नीट ऐका," म्हणून तिनं नववा लावला.

आप्पांनी मान तिरकी करून ऐकलं. तिनं पुन्हा लावला. त्यांनी पुन्हा ऐकलं, मन लावून, जसं एके काळी मशीन ऐकायचे.

"कुणाची पोर गं ही?" त्यांनी विचारलं. "घसा धरलाय बिचारीचा. औषध दिलं काय कुणी?"

शैलजाला सांगायचं होतं. सगळं तोंडाशी आलं होतं, पहिला टेक, नववा टेक, डॉक्टर दारात काय म्हणाली ते. सांगून काय झालं असतं? खाली काही नसतं. झालंच तर आणखी एक गोष्ट त्यांच्या हातून गेली असती, हे आठ दिवस.

"असेल कुणाची तरी," ती म्हणाली.

"असू दे. आपली लाव."

तिनं उशाजवळचं यंत्र घेतलं. आप्पा भिंतीला टेकून नीट बसले, हात मांडीवर ठेवले. तिनं बटण दाबलं.

"थांब की," पातळ, गोड आवाज आला.

"थांबलो बघ," आप्पा म्हणाले. "कुठं न्हाई जात आता."

शैलजानं तोंड फिरवलं. तिला त्या आवाजाचा राग यायला हवा होता. पण तिलाही ती कुमीच वाटली.